पोशाखाच्या आतलं माणूस
'मुखवटा घालून नुसता हात हलवायचा, त्याला युनियन कशाला?' असं थीम पार्कमध्ये मिकी माऊससारख्या पात्रांचा पोशाख घालून फिरणाऱ्या कामगारांबद्दल कुणीतरी विचारलंय. फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्डमध्ये २००१ पर्यंत या कामगारांना पोशाखाखालचे आतले कपडेसुद्धा एकमेकांचे वापरावे लागत. ते नीट धुतले जात नाहीत, उवा-खरूज होते, अशा तक्रारी होत्या. टीमस्टर्स युनियनने भांडून प्रत्येकाला स्वतःचे कपडे मिळवून दिले. एवढ्या साध्या गोष्टीसाठी भांडावं लागलं! कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडच्या कलाकारांनी मे २०२४ मध्ये ९५३ विरुद्ध २५८ मतांनी अ‍ॅक्टर्स इक्विटी ही कलाकारांची युनियन निवडली, ते मला म्हणूनच अगदी रास्त वाटतं. पोशाखाच्या जड डोक्याने मान-पाठ धरते, उन्हात आत भट्टी पेटते, शिवाय मुलं अंगाला लोंबकळतात. ही अंगमेहनत आहे. प्रत्येक फेरीनंतरची विश्रांती पगारी वेळेतच धरली पाहिजे.