फी थकली म्हणून दाखला अडवलाय, सातवीत प्रवेश कसा घ्यायचा?

अशोकचौक:
सोलापूरच्या पूर्व भागातलं कुटुंब, वडील यंत्रमागावर. मुलगी सहावीपर्यंत विनाअनुदानित शाळेत होती, आता महापालिकेच्या शाळेत घालायचंय. जुनी शाळा म्हणते, थकबाकी भरा मग दाखला. नवी म्हणते, दाखल्याशिवाय नाव चढत नाही. पोरगी घरी विड्या वळत बसलीय. काही मार्ग आहे का?

आवक_जावक:
आहे. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम ५. मागितला की मुख्याध्यापकांनी दाखला लगेच द्यायचा. दाखला यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश लांबवता येत नाही, नाकारताही येत नाही. उशीर करणाऱ्या मुख्याध्यापकावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते.

तोंडी मागत बसू नका, सगळं तिथेच अडतं. अर्ज दोन प्रतींत करा: मुलीचं पूर्ण नाव, जनरल रजिस्टर नंबर, इयत्ता, तुकडी, ‘दाखला मिळावा’. बस्स. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घ्या. क्लार्क अर्ज घेत नसेल तर स्पीड पोस्टाने पाठवा. त्या पोचेची झेरॉक्स जोडून नव्या शाळेत प्रवेशाचा अर्ज द्या. तिथे नाही म्हणाले तर नकार लेखी मागा. लेखी म्हटलं की बऱ्याचदा सूर बदलतो.

सरल_वैताग:
खरी गोची पुढे, ऑनलाइनला. नव्या शाळेने सरकारच्या विद्यार्थी-नोंदणी पोर्टलवर विनंती टाकायची आणि जुनीने मुलीला सोडायचं. जुनी सोडतच नाही, नाव लटकून राहतं. अशा वेळी पोचेची प्रत जोडून महापालिकेच्या शिक्षण विभागात लेखी तक्रार करा.

आणि एक मर्यादा: कलम ५ चा आधार सरकारी, अनुदानित शाळेत जाताना मिळतो, दुसऱ्या विनाअनुदानित शाळेत जाताना नाही. शिवाय हा कायदा ६ ते १४ वयाचा, आठवीपर्यंतचा.

अशोकचौक:
पण थकबाकी तर खरीच आहे ना?

आवक_जावक:
असू दे. वसुलीला दिवाणी कोर्ट आहे. देणं बापाचं आणि ओलीस पोरगी, ही कुठली वसुली! हप्त्यांची कबुली द्यायचीच तर वेगळ्या कागदावर द्या, दाखल्याच्या अर्जात फीचा शब्दही नको. फीपायी तिला वर्गाबाहेर उभं केलं असेल तर कलम १७ लावा, त्यात मानसिक छळालाही मनाई आहे.

दाखला मिळाल्यावर पोच देण्याआधी नाव, आडनाव, जन्मतारीख तिथेच ताडून बघा. आपल्याकडे तेलुगू आडनावं हमखास चुकीची लिहिली जातात, आणि दहावीनंतर दुरुस्ती फार जिकिरीची होते.