झिंक ऑक्साइडचे चमकणारे कण: कर्करोगाची गाठ पाहायला शरीरात सोडावेत का?

पदार्थवेडा (धागाकर्ता):
परवा झिंक ऑक्साइडचे पाचेक नॅनोमीटरचे कण बनवले. साध्या उजेडात कुपीत नुसता रंगहीन द्रव दिसत होता. अतिनील टॉर्च लावला आणि अख्खी कुपी पिवळट हिरवी उजळली. या कणांवर गाठीच्या पेशी ओळखणारी प्रतिपिंडं बसवली, तर गाठ कुठे संपते ते डोळ्यांना दिसेल. १९९८ मध्ये पेशी रंगवायला जे क्वांटम डॉट (अर्धवाहकाचे काही नॅनोमीटरचे चमकणारे कण) वापरले ते कॅडमियम सेलेनाइडचे होते. २०२३ मध्ये क्वांटम डॉटना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, पण कॅडमियमचं विष तसंच राहिलं. जस्त तर आपल्या शरीरात दोन-तीन ग्रॅम असतंच. माझ्या मते कॅडमियम सोडून धातूंच्या ऑक्साइडकडे वळायला हवं, आणि तेही रुग्णाच्या शरीरात वापरण्यासाठी.

पेशीवाली:
पूर्ण असहमत. त्याच कुपीत सौम्य आम्लाचे चार थेंब टाका, चमक मावळेल. पीएच ५.५ च्या खाली गेला की झिंक ऑक्साइड विरघळू लागतं. पेशीने गिळलेला कण पोचतो लायसोसोममध्ये, म्हणजे पेशीतल्या पचनाच्या आम्लधर्मी पिशवीत, आणि तिथला पीएच ४.५ ते ५ असतो. म्हणजे जिथे उजेड हवा तिथेच दिवा विझणार, वर मोकळे जस्त आयन पेशीत सुटणार. अन्नातलं जस्त शरीर मोजूनमापून आत घेतं. इथे ते एकाच पेशीत एकदम ओतलं जातं, आणि पेशी मरतात त्या त्याने.

पदार्थवेडा:
मुद्दा रास्त आहे, पण त्याला उपाय आहे. कणांवर सिलिकाचं कवच चढवलं की विरघळणं बरंच मंदावतं.

पेशीवाली:
कवच चढलं की आकार वाढतो! कण मूत्रपिंडातून गाळून बाहेर पडायचे तर त्यांचा पाण्यातला व्यास साधारण ५.५ नॅनोमीटरच्या आत लागतो. २००७ मध्ये प्राण्यांवर क्वांटम डॉट वापरून हे दाखवलं गेलं. त्याहून मोठे कण यकृत आणि प्लीहेत अडकून बसतात. गाठीपर्यंत किती पोचतात? २०१६ मध्ये दहा वर्षांच्या प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला. त्यात मध्यक निघाला टोचलेल्या मात्रेच्या ०.७ टक्के. उरलेल्याचं काय करायचं, हे आधी सांगा.

टाकेकर:
मी ऑपरेशन थिएटरमधून बोलतो. मेंदूच्या ग्लायोमा या गाठीसाठी रुग्णाला भूल देण्याआधी काही तास ५-एएलए हे औषध पाजतात. मग निळ्या दिव्याखाली गाठ गुलाबी-लाल दिसते. इंडोसायनिन ग्रीन हा चमकणारा रंग १९५९ पासून वापरात आहे. हे रेणू काम करतात आणि शरीरातून निघूनही जातात. शिवाय अतिनील किरण ऊतकात मिलिमीटरभरही नीट शिरत नाहीत. पृष्ठभागाखालची गाठ तुमच्या कणांना दाखवणार कशी?

पदार्थवेडा:
अतिनीलच लागतो असं नाही. यिट्रियम ऑक्साइडमध्ये यटर्बियम आणि अर्बियम मिसळलं की ९८० नॅनोमीटरच्या अवरक्त लेसरवर तो ६६० च्या आसपास लाल उजेड देतो. ऊतकाची स्वतःची चमक यात आड येत नाही. सेंद्रिय रंग दिव्याखाली फिके पडतात, हे कण तसे पडत नाहीत.

टाकेकर:
९८० ला पाणीही किरण शोषतं, ऊतक तापतं. लेसर किती वेळ धरायचा याला मर्यादा आली.

काचपट्टी:
मी बायोप्सी तपासते. दोघंही रक्तात टोचण्यावरच का अडून बसलात? काचेवरच्या ऊतकात ना यकृत आहे ना मूत्रपिंड. एचईआर२ (काही कर्करोगांच्या पेशींवर जास्त आढळणारं प्रथिन) साठी रंगवलेली पट्टी फ्लुरोसन्स सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून मी शेजाऱ्याला बोलावते, आणि तो येईपर्यंत रंग उतरलेला असतो. न विटणारा कण मला आजच हवा आहे. कापून काढलेल्या गाठीच्या कडेवरही तो लावता येईल, रुग्णाच्या शरीराला हात न लावता.

पेशीवाली:
पट्टीसाठी माझी काहीच हरकत नाही, उलट रसायनाने स्थिर केलेल्या मृत पेशीत लायसोसोमचा प्रश्नच उरत नाही.

टाकेकर:
कडेचं मात्र अवघड आहे. फ्रोझन सेक्शनचा (ऊतक गोठवून लगेच केलेल्या तपासणीचा) निकाल मला साधारण वीस मिनिटांत मिळतो. तेवढ्यात प्रतिपिंड चिकटायला हवं, न चिकटलेले कण धुऊन जायला हवेत, आणि रक्ताने माखलेल्या, कॉटरीने (ऊतक जाळत कापणाऱ्या उपकरणाने) करपलेल्या कडेवर उगाच चमक राहायला नको. गाठ नसताना कड उजळली तर मी निरोगी ऊतक कापेन.

पदार्थवेडा:
करपलेल्या ऊतकावर मी अजून एकदाही पाहिलेलं नाही. पुढच्या खेपेला मुद्दाम जाळलेला तुकडा घेतो, धुण्याआधीचे आणि नंतरचे फोटो इथेच टाकतो. शरीरात सोडण्याचा आग्रह मात्र मी सोडलेला नाही.