गच्चीवरून तारे बघायला बारकी दुर्बीण घ्यावी का?

सी-१०४: नमस्कार मंडळी. आमचं पोरगं आठवीत आहे, तारे बघायला दुर्बीण पाहिजे म्हणून मागं लागलंय. ऑनलाइन ९०० रुपयांत खिशात मावणारी एक मिळतेय. बॉक्सवर ३०×६० आणि 'डे अँड नाइट' असं लिहिलंय. घेऊ काय? आपल्या सोसायटीतल्या ए-३०३ आणि बी-५०१ यांना यातलं कळतं म्हणून इथं ग्रुपवरच विचारलं.

ए-३०३: दादा, ही नको. ३०×६० म्हणजे ३० पट मोठं दिसणार आणि पुढचं भिंग ६० मिलिमीटरचं. तसं असेल तर एकेक नळी सहा सेंटिमीटरपेक्षा जाड पाहिजे. तुमची तर तळहातावर मावतेय. पट्टी लावली तर भिंग २०-२५ मिलिमीटरच भरेल. वाढही ३० पट नसणार, कारण तेवढी वाढ हातात धरून वापरताच येत नाही, चंद्रसुद्धा नुसता नाचत राहील. आणि 'डे अँड नाइट'ला काही अर्थ नाही. साध्या दुर्बिणीत अंधारात बघायची वेगळी सोय नसते.

बी-५०१: बॉक्सवर १२६ मी/१००० मी असंही असतं बघा. ते वाचून 'एक किलोमीटरवरचं दिसतं' असं समजू नका. एक किलोमीटरवर १२६ मीटर रुंदीचा भाग एकावेळी दिसतो, एवढंच. त्या आकड्याला १७.५ ने भागलं की अंश मिळतात, म्हणजे इथं ७.२ अंश. चंद्र अर्ध्या अंशाचा असतो, त्यावरून अंदाज येईल.

सी-१०४: मग चांगल्या कंपनीची बारकी घेतली तर? ८×२१ किंवा १०×२५?

ए-३०३: वस्तू खरी असेल, पण ताऱ्यांसाठी अपुरी पडेल. ताऱ्याला पहिला आकडा नाही, दुसरा लागतो. तारा कितीही मोठा करून बघितला तरी ठिपकाच राहतो. किती फिकट तारा दिसणार हे भिंगात किती उजेड शिरतो त्यावर ठरतं. ५० मिलिमीटरचं भिंग २५ च्या चौपट उजेड गोळा करतं आणि २१ च्या साडेपाच पटीहून जास्त.

दुसरी अडचण डोळ्याची. दुसऱ्या आकड्याला पहिल्यानं भागा, मागून बाहेर पडणाऱ्या उजेडाच्या चकतीची रुंदी मिळते. ८×२१ ची २.६ मिलिमीटर, १०×२५ ची २.५. अंधारात पोराची बाहुली सहा-सात मिलिमीटर उघडते. एवढ्याशा चकतीवर डोळा नेमका बसला पाहिजे. जरा हलला की सगळं काळं. दिवसा पक्षी बघताना हे जाणवत नाही. रात्री मान वर करून बघताना मात्र पोरं पाच मिनिटांत कंटाळतात आणि आपल्यालाच बघता येत नाही असं समजून सोडून देतात.

डी-४०२: आमच्याकडं ८×२१ पडून आहे. मग ती काहीच कामाची नाही का?

बी-५०१: काकू, टाकून देऊ नका. चंद्र तिच्यातून छान दिसतो. पौर्णिमेला मात्र बघू नका, तेव्हा सावल्या नसतात, सगळं सपाट दिसतं. शुद्ध सप्तमी-अष्टमीला उजेड-अंधाराच्या सीमेवर बघा, विवरांच्या कडा उठून दिसतात. कृत्तिकांचा पुंजका नुसत्या डोळ्याला सहा ताऱ्यांचा, दुर्बिणीत त्याच्या कितीतरी पट. गुरूजवळचे चार चंद्रही टिपक्यांसारखे दिसू शकतात, फक्त कोपर कठड्यावर टेकवून श्वास रोखायचा. शनीचं कडं नाही दिसणार, त्याला २५ पटीच्या पुढं वाढ लागते, म्हणजे टेलिस्कोपच.

आणि एका बाबतीत माझं ए-३०३ पेक्षा वेगळं मत आहे. काळोख्या आकाशाखाली २५ ची दुर्बीण, शहरातल्या ५० च्या दुर्बिणीपेक्षा जास्त दाखवू शकते. आपल्या कोल्हापूरजवळच्या गगनबावड्याला किंवा दाजीपूरला नेलेली बारकी दुर्बीण घरी कपाटात ठेवलेल्या जड दुर्बिणीपेक्षा बरी. ज्याला प्रवासात बरोबर ठेवायची आहे त्यानं चांगली ८×२५ जरूर घ्यावी.

ए-३०३: ते मान्य. पण पोराची पहिली आणि एकुलती एक दुर्बीण ती असू नये.

सी-१०४: मग नेमकी कुठली सांगा की. बजेट थोडं वाढवतो.

ए-३०३: सगळे १०×५० सांगतील, आणि मोठ्या माणसाला तीच योग्य. ७×५० ची चकती सात मिलिमीटरची. पन्नाशीनंतर बाहुली साधारण पाचच उघडते, बाकीचा उजेड वाया. शिवाय शहरात आकाशाचा पांढुरका उजेडही तेवढाच आत येतो. १०×५० मध्ये आकाश जरा काळं दिसतं, तारे उठतात.

पण १०×५० चं वजन साडेआठशे-नऊशे ग्रॅम. आठवीतल्या पोराचे हात दोन मिनिटांत थरथरतात. त्याला ८×४० द्या. चकती पाच मिलिमीटरच, वजन कमी, थरथर कमी. पोरो प्रिझमवाली घ्या, म्हणजे नळी मध्ये वाकडी असते ती जुन्या ढंगाची. त्याच किमतीत सरळ नळीवाल्यापेक्षा तिच्यात काच चांगली मिळते, कारण सरळ नळीचं प्रिझम नीट बनवायला खर्च जास्त येतो. झूमवाली घेऊ नका. दोन्ही बाजूंची वाढ सारखी राहत नाही आणि दिसणारा भाग अरुंद होतो. लाल भिंगाचीही नको. तो लाल लेप तांबडा उजेड परत फेकतो, आधीच फिकट तारे आणखी फिकट. हिरवट-जांभळट अंधुक चमक असलेलं भिंग बघा.

बी-५०१: शाहूपुरी, महाद्वार रोड, कुठंही घ्या, पण हातात घेऊन तपासून घ्या. ऑनलाइन घेतली तर परत करायची मुदत संपायच्या आत तपासा.

आधी बिजागरी पूर्ण मिटवून पोराच्या डोळ्याला लावा. दोन वर्तुळं मिळून एक झालं नाही तर ती त्याच्या कामाची नाही. पोरांचे डोळे जवळ असतात. मग लांबच्या इमारतीच्या कठड्याची आडवी रेघ धरा आणि दुर्बीण हळूहळू डोळ्यांपासून वीतभर मागं न्या. डाव्या-उजव्या चित्रातली रेघ एकाच पातळीत राहिली पाहिजे. खाली-वर झाली तर आतली प्रिझम हललीत. डोळे जबरदस्तीनं दोन चित्रं जुळवत राहतात आणि दहा मिनिटांत डोकं दुखतं. स्वस्त मालात सगळ्यात जास्त हाच दोष, आणि घरी दुरुस्त होत नाही.

तिसरं, फोकस लांबच्या वस्तूवर ठेवून मोबाईलचा टॉर्च मागच्या भिंगापासून वीतभर लांब धरा आणि पुढच्या भिंगाला कागद टेकवा. कागदावरचं उजेडाचं वर्तुळ मोजा. ५० च्या दुर्बिणीत ते ४० च्या आसपास आलं, तर आत अडथळा घालून भिंगाच्या कडा झाकल्यात. पैसे ५० चे, दुर्बीण ४० ची.

डी-४०२: चष्मा असेल तर?

ए-३०३: जवळचा-लांबचा नंबर असेल तर चष्मा काढून बघा, फोकसनं तो भागतो. सिलिंडर नंबर जास्त असेल तर चष्म्यासकट, आणि तेव्हा आय रिलीफ, म्हणजे मागच्या भिंगापासून डोळा जितका लांब ठेवून पूर्ण चित्र दिसतं ते अंतर, १५ मिलिमीटर किंवा जास्त असलेली घ्या. फोकस लावताना उजवा डोळा मिटून मधल्या चाकानं डाव्याचं नीट करा, मग डावा मिटून फक्त उजव्या नळीवरची कडी फिरवा. ती एकदा लागली की नंतर मधलं चाक पुरतं. आणि दादा, सूर्याकडं दुर्बीण कधीच वळवू देऊ नका. क्षणात डोळा जाईल. दिवसा ती पोराच्या हाताला लागेल अशी ठेवूच नका.

सी-१०४: पावसाळ्यात काय करायचं?

बी-५०१: जून ते सप्टेंबर आपल्याकडं आकाश मिळतच नाही, आणि तेव्हाच भिंगाला बुरशी लागते. कापडी पाऊचमध्ये ठेवू नका. झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या टाकून ठेवा, दाणे रंग बदलणारे असतील तर रंग बदलला की पुड्या बदला. भिंग शर्टानं पुसू नका. आधी फुंकणीनं धूळ उडवा, मग मऊ कापड.

दिवाळीनंतर आकाश उघडलं की गच्चीवर या. मृगाच्या पोटातल्या तीन ताऱ्यांच्या खाली जो पुसट ठिपका आहे तो ८×४० मध्ये ढगासारखा दिसेल. एप्रिल-मे मध्ये दक्षिणेला नरतुरंग तारकासमूहातला मोठा तारकागुच्छ बघा, आपल्याकडून क्षितिजावर २६ अंशांपर्यंत चढतो. पुण्या-मुंबईपेक्षा आपल्याला तो उंच मिळतो. त्यासाठी पन्हाळ्यावर जायचं तर दक्षिणेकडं शहराचा उजेड आड येणार नाही अशी जागा निवडा.

ए-३०३: सेक्रेटरी साहेब, टाकीजवळचा हॅलोजन त्या दिवशी आठ ते दहा बंद ठेवता येईल का? डोळे अंधाराला सरावायला अर्धा तास लागतो, एकदा उजेड पडला की पुन्हा पहिल्यापासून.

सेक्रेटरी, ए-१०१: येईल. वॉचमनला सांगतो. तारीख दोन दिवस आधी टाका, म्हणजे जिन्यातले दिवे चालू ठेवून फक्त गच्चीचे बंद करता येतील.

सी-१०४: ८×४० बघतो. शनिवारी दुकानात जाताना पट्टी आणि कागद घेऊन जाणार.