स्पॅनिश भूतकाळ: कोमी की कोमिएरोन? डोकं चालेना, सांगा की कुणीतरी

खानापूरचा_पोरगा
मी ऑनलाइन स्पॅनिश शिकायलोय, डेले ए-टू या स्पॅनिशच्या परीक्षेची तयारी चालू आहे. आर, एर, इर शेवटची नियमित क्रियापदं पाठ झालीत. आब्लार म्हणजे बोलणे, त्याचं मी, तू, तो, आम्ही, ते या क्रमानं आब्ले, आब्लास्ते, आब्लो, आब्लामोस, आब्लारोन. कोमेर म्हणजे खाणे, त्याचं कोमी, कोमिस्ते, कोमिओ, कोमिमोस, कोमिएरोन. इर वाली पण कोमेरसारखीच जातात. एवढं येतंय, पण वाक्य करायला गेलं की चुकतंय. काल "मी दोन सफरचंदं खाल्ली" याचं मी "कोमिएरोन दोस मान्सानास" लिहिलं तर मॅडमनी पूर्ण ओळ खोडली. सफरचंदं दोन आहेत ना मग?

टिळकवाडीची_ताई
अरे तू मराठीत विचार करायलास म्हणून होतंय. आपल्यात मी भाकरी खाल्ली, आंबा खाल्ला, दोन भाकऱ्या खाल्ल्या, म्हणजे क्रियापद जेवणाऱ्याला सोडून ताटातल्या वस्तूच्या मागे पळतंय. स्पॅनिशमध्ये खाणारा कोण एवढंच बघायचं. मी खाल्लं म्हणजे कोमी, मग एक खा नाहीतर दहा खा, म्हणून "कोमी दोस मान्सानास".
आता तुला कन्नड येतंय की नाही? बेळगावजवळच्या खानापूरचा म्हणजे येतच असणार. नानु ओंदु रोट्टी तिंदे म्हणजे मी एक भाकरी खाल्ली, नानु एरडु रोट्टी तिंदे म्हणजे मी दोन भाकऱ्या खाल्ल्या. तिंदे बदललं का? नाही. आम्ही म्हटलं की तिंदेवु, ते लोक म्हटलं की तिंदरु. स्पॅनिशचं बरोब्बर असंच आहे, आणि नानु गाळून नुसतं तिंदे म्हटलं तरी कळतंय तसं तिथं पण "यो" म्हणजे मी बोलायची गरज नाही. फक्त कन्नडमध्ये तो तिंदनु, ती तिंदळु होतं, स्पॅनिशमध्ये दोघांना कोमिओच. मी शिकवताना पोरांना हेच सांगते, मराठी जरा बाजूला ठेवा आणि कन्नड डोक्यात चालू करा, आपल्या सीमाभागातल्या पोरांना ही केवढी मोठी सोय आहे.

निपाणीकर
ताईंचं एकदम बरोबर. एक जोडतो, जोर कुठं देतो ते बघ. आब्लो मध्ये आ वर जोर दिला तर "मी बोलतो", लो वर दिला तर "तो बोलला". मी इंटरव्ह्यूत हेच चुकलो, मित्राबद्दल सांगत होतो आणि समोरच्याला वाटलं मी माझंच सांगतोय, दोनदा परत विचारलं त्यांनी. "तो बोलला" लिहिताना शेवटच्या ओ वरची तिरकी रेघ विसरू नको. आणि आब्लामोस वर्तमानात पण तेच, भूतकाळात पण तेच, तिथं आयेर म्हणजे काल असं काहीतरी जोडलं की कळतंय.

टिळकवाडीची_ताई
आणि लहानपणी रोज खायचो म्हणायचं असेल तर कोमी नाही, कोमीआ. आपलं खाल्लं आणि खायचो, तेवढाच फरक. इथं मात्र मराठीच कामाला येते.

खानापूरचा_पोरगा
ताई, तिंदे-तिंदरु वाचलं आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. हे बघा: "आयेर कोंप्रे कुंदा ई कोमिमोस तोदोस." काल मी कुंदा, आपली बेळगावची मिठाई, घेतला आणि आम्ही सगळ्यांनी खाल्ला. बरोबर हाय का?

टिळकवाडीची_ताई
शंभर टक्के बरोबर. आता बुस्कार म्हणजे शोधणे, त्याचं "मी शोधलं" लिहून दाखव. बोलताना बुस्केच, पण लिहिताना सी जाऊन तिथं क्यू-यू येतं, पेपरात तिथंच मार्क जातात.