रिसीव्हरचा स्विच : साधा, इलेक्ट्रॉनिक की नकोच? (आणि बॅटरी कुठली)

उसातलं_विमान
मंडळी, रविवारी माझं रिमोटवरचं ६० साइजचं (०.६० घनइंच इंजिनाचं) लो विंग विमान गेलं. नायट्रो इंजिन, पाच सर्व्हो (पंख-शेपटीचे भाग हलवणाऱ्या छोट्या मोटरी) त्यातले चार डिजिटल, बाल्साचं, घरी बांधलेलं. तिसऱ्या फ्लाइटला उतरायच्या आधीचं शेवटचं वळण घेतलं आणि स्टिक मागे ओढली तर काहीच नाही, ना एलेव्हेटर (शेपटीचा हलता भाग) ना एलेरॉन (पंखांचा). तसंच कलतं जाऊन शेजारच्या उसात घुसलं, शोधायला पाऊण तास लागला, अंगभर पाचट टोचली ती वेगळी.

बॅटरी (पाच सेलची एनआयएमएच, म्हणजे निकेलवाली) मीटरवर ६.३ व्होल्ट दाखवत होती. रिसीव्हरही (रिमोटचा सिग्नल घेऊन सर्व्होंना देणारा) जिवंत. घरी येऊन बॅटरी आणि रिसीव्हरमधल्या स्विचच्या दोन टोकांना मीटर लावला तर नुसता ठेवल्यावर ०.१ ओहम आणि बोटाने टिचकी मारली की कधी अर्धा, कधी दोन. उघडून बघितला तर आतल्या पट्टीवर काळा थर आणि त्यावर इंधनातल्या एरंडेलाचा चिकटा. स्विच एक्झॉस्टच्या बाजूला बसवला होता, हा गाढवपणा माझाच.

हिशोब करा, चार डिजिटल सर्व्हो एकदम हलले की तीन अँपिअर सहज जातात. अर्धा ओहम गुणिले तीन म्हणजे दीड व्होल्ट एकट्या स्विचने खाल्ले. बॅटरीचा पॅक लोडखाली साडेपाचवर बसला असेल तर रिसीव्हरला उरले चार. दोन ओहम झाला तर विषयच संपला. २.४ गिगाहर्ट्झचे बरेच रिसीव्हर साडेतीनच्या आसपास झोपतात आणि परत उठायला वेळ घेतात, तेवढ्या वेळात जमीन येते.

आता ३० सीसी पेट्रोलचं बांधतोय. माझं ठाम मत झालंय की सरकता स्विच हद्दपार करायचा. इलेक्ट्रॉनिक स्विच आणि दोन सेलची लाइफ बॅटरी (लिथियम आयर्न फॉस्फेट हो, आयुष्य नव्हे). पटत नसेल त्यांनी बोला.

ग्लोप्लग_मास्तर
नाही पटत. स्विच एक्झॉस्टच्या तोंडाशी, वर्षानुवर्षं बदलला नाही, आणि दोष स्विचचा? ग्लोप्लग (नायट्रो इंजिनातला इंधन पेटवणारा प्लग) जसा बदलतो तसा स्विच दर दोन सीझनला फेकायचा, दोनतीनशे रुपयांची वस्तू आहे. मी पंचवीसेक वर्षं सरकत्या स्विचवर उडवतोय.

आणि अजून एक, फ्युजलाजला (विमानाच्या धडाला) स्विचसाठी खाच किती लांब कापलीस? बरेच जण खाच आखूड कापतात, मग स्विचचं बोंडुक लाकडाला अडतं आणि आतली पट्टी पूर्ण टोकाला जातच नाही, अर्ध्या कॉन्टॅक्टवर विमान उडतं. वरून बघितलं तर 'ऑन'. तुझ्या मोडक्या फ्युजलाजचा तेवढा तुकडा उसातून आणला असशील तर मोजून बघ.

इलेक्ट्रॉनिक म्हणजे आणखी एक सर्किट, आणखी सोल्डर, आणि ३० सीसी सिंगल सिलिंडरची थरथर तुला अजून माहीत नाही.

फेटवाला
मास्तर, आदर ठेवून सांगतो, तुम्ही चुकीच्या गोष्टीला घाबरताय. प्रश्न बिघडतो की नाही हा नाहीच, बिघडला तर कुठल्या बाजूला पडतो हा आहे. सरकत्या स्विचमधून सगळा करंट त्या दोन पट्ट्यांतून जातो आणि पट्टी गेली की सर्किट तुटलं. चांगल्या इलेक्ट्रॉनिक स्विचमध्ये करंट मॉस्फेटमधून (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर, हलती पट्टी नाही) जातो, बाहेरचं बटण किंवा पिन फक्त 'बंद कर' एवढाच निरोप देते. बटणाची वायर तुटली, पिन हरवली, बटण तेलाने भरलं, तरी स्विच चालूच राहतो. आता हवेत असताना तुम्हाला कुठला बिघाड आवडेल?

हां, घेताना बघून घ्यायचं. काही स्वस्त मॉडेल उलटी असतात, बटण दाबून 'चालू' लक्षात ठेवणारी, क्षणभर व्होल्टेज पडलं की विसरतात आणि बंद. ती फुकट दिली तरी नको.

खाडीकाठचा_पतंग
रत्नागिरीहून लिहितोय. तुम्ही दोघं स्विचवर भांडताय आणि इकडे आमची वायरच मरते. गेल्या वर्षी जुन्या निकेल पॅकची निगेटिव्ह वायर सोलली, वरून रबर मऊ, लालकाळं सगळं छान, आत तांबं नाहीच जणू, काळी भुकटी. सोल्डर धरेना. कानस मारली, ब्लेडने खरवडलं, तरी नाही. तीन इंच कापत गेलो तेव्हा कुठे लालसर तांबं दिसलं. ती काळवंड बॅटरीकडून सरकत सरकत स्विचच्या हार्नेसमध्ये पण शिरली होती. म्हणजे मास्तरांसारखा दर दोन सीझनला स्विच बदला नाहीतर फेटवाल्यांचा मॉस्फेट बसवा, जुनी बॅटरी तीच ठेवलीत तर काय उपयोग. पावसाळाभर विमानं माळ्यावर आणि पॅक आत जोडलेलाच, हे आमच्याकडे सर्रास. पॅक काढून ठेवा एवढंच म्हणणं आहे.

ब्रशलेस_बंटी
एवढा कुटाणा कशाला, इलेक्ट्रिकवर या ना 😄 स्विचच नको. मेन लायपो (लिथियम पॉलिमर बॅटरी) जोडली की ईएससीच्या (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) बीईसीवर (त्यातला रिसीव्हरला ५ व्होल्ट देणारा भाग) रिसीव्हर चालू. तीन वर्षं झाली एकही स्विच विकत घेतला नाही.

फेटवाला
बंटी भावा, तुझा बीईसी लिनिअर आहे की स्विचिंग ते बघ आधी. ४ सेलवर लिनिअर असेल तर १४.८ मधून ५ वजा केले, उरले ९.८, आणि दोन अँपिअर गेले तर वीसेक वॅट नुसती उष्णता, काडेपेटीएवढ्या ईएससीत. सोल्डरिंगची इस्त्री होते ती. तू फोमचं चार मायक्रो सर्व्होचं उडवतोस म्हणून निभावतंय. मोठ्या विमानाला वेगळा स्विचिंग बीईसी किंवा वेगळी बॅटरीच लाव. आणि पेट्रोलच्या विमानात ईएससीच नसतो, मूळ प्रश्न तिथला आहे.

ब्रशलेस_बंटी
बरं ते मान्य. पण मग पेट्रोलवाल्यांनी पण थेट कनेक्टरने जोडावं ना, एक्सटी३० (दोन पिनचा प्लग) बाहेर काढून, लाल काळा जोडला की ऑन. मधे काहीच नाही, बिघडणार काय?

ग्लोप्लग_मास्तर
पहिल्यांदाच काहीतरी बरं बोललास. बारक्या विमानाला मी हेच करतो. फक्त इंजिन चालू असताना घाईत ओढून काढायला जाऊ नकोस, प्रॉपच्या (पुढच्या पंख्याच्या) जवळ हात जातो. आधी इंजिन बंद, मग कनेक्टर.

हडसन_काठी
न्यू जर्सीत उडवतो, मूळचा डोंबिवलीचा. इथे फील्डवर मोठ्या पेट्रोल विमानांना बरेच जण दोन बॅटऱ्या, दोन स्विच, रिसीव्हरच्या दोन वेगळ्या पोर्टमध्ये लावतात. एक वाट गेली तर दुसरी आहे. सर्व्होचं नेहमीचं प्लग तीन अँपिअरच्या आसपासचंच असतं, त्यामुळे दोन वाटा केल्या की प्लगवरचा भारही वाटला जातो, ह्याकडे कोणी लक्ष देत नाही. लाइफला माझा पाठिंबा आहे, फक्त थंडीत ती लवकर मान टाकते, पण तुम्हाला त्याची काय चिंता.

ग्लोप्लग_मास्तर
दोन बॅटऱ्या ही मनाची समजूत. आमच्या इथल्या एकाचं प्रकरण सांगतो, दोन पॅक दोन स्विच, थाटात. सकाळी दोन्ही ऑन करायचा, सर्व्हो हलले की खूश. एक पॅक कधीचा मेलेला, पत्ताच नाही, कारण दुसरा सगळं ओढत होता. ज्या दिवशी दुसरा दमला त्या दिवशी गेलं. दोन असतील तर प्रत्येक एकेकटा चालू करून, रिमोटच्या स्टिक हलवून, लोडखाली मोजला पाहिजे, रोज. कोण करतं?

हडसन_काठी
मी करतो काका. आळशी माणसाचं उदाहरण देऊन पद्धत वाईट ठरत नाही.

फेटवाला
दोन निकेल पॅक सरळ जोडताना एकाचा सेल शॉर्ट झाला तर दुसरा त्यात रिकामा होतो, हे पण आहे. मधे शॉटकी डायोड (करंट एकाच दिशेला जाऊ देणारा) टाकला तर वाचतं पण ०.३ ते ०.५ व्होल्ट जातात. पाच सेलवर ते चालेल, चार सेलच्या ४.८ वर डायोड लावणं म्हणजे स्वतःच ब्राऊनआउटला (व्होल्टेज पडून रिसीव्हर झोपण्याला) आवतण.

बॅटरीबद्दल माझं मत धागाकर्त्यापेक्षा वेगळं आहे. लाइफची अडचण अशी की तिचं व्होल्टेज सपाट, ६.६ ला चिकटून बसते आणि संपायला आली की कड्यावरून पडल्यासारखी पडते, मीटर लावून तुम्हाला काही कळत नाही. मी दोन सेल लिथियम आयन आणि चांगला रेग्युलेटर वापरतो, व्होल्टेज बघून किती उरलीय ते समजतं.

खाडीकाठचा_पतंग
आणि तो रेग्युलेटर गेला की ८.४ थेट ६ व्होल्टच्या सर्व्होला. पाची सर्व्होंचा धूर. लाइफला रेग्युलेटर लागत नाही हाच तर तिचा मुद्दा आहे. व्होल्टेजवर अवलंबून राहायचंच नाही, चार्ज करताना किती एमएएच (मिलिअँपिअर-तास) परत गेली ते वहीत लिहायचं. माझं पाच सर्व्होचं दहा मिनिटांत शंभर सव्वाशे खातं, २१०० च्या पॅकवर सहा फ्लाइट केल्या की मी घरी. अर्ध्याहून जास्त पॅक शिल्लक असतो, असू दे.

ब्रशलेस_बंटी
फेटवाले, तुमचा तो इलेक्ट्रॉनिक स्विच बंद असताना पण थोडी बॅटरी खातो ना? माझ्या मित्राने दोन महिने जोडून ठेवली, लायपो फुगून उशी झाली.

फेटवाला
खातो. अगदी थोडी, पण खातो. आठवड्याला फरक पडत नाही, महिन्यांनी पडतो. सीझन संपला की प्लग काढायचा, खाडीकाठच्यांनी वर सांगितलंच आहे. ही त्याची खोड मला कबूल आहे.

उसातलं_विमान
सगळं वाचलं, त्यात दोन रविवार गेले. मास्तर, तुकडा मोजला, खाच दीड मिलिमीटर आखूड होती 🙏 म्हणजे तेल आणि लाकूड दोघांनी मिळून मारलं. इलेक्ट्रॉनिकचा हट्ट सोडला नाहीये पण अर्धा सोडलाय.

असं ठरवलंय : एकच २१०० ची लाइफ, पण तिच्यातून दोन वेगळ्या जाड वायरी, एका वाटेवर इलेक्ट्रॉनिक स्विच, दुसरीवर मास्तरांचा साधा, दोन्ही रिसीव्हरच्या वेगळ्या पोर्टला. दोन्ही एक्झॉस्टच्या उलट बाजूला. टेबलावर जोडून सगळे सर्व्हो हाताने अडवून बघितलं, साध्या स्विचवर ०.०८ व्होल्ट पडले, इलेक्ट्रॉनिकवर ०.०३. एकेक बंद करूनही बघितलं, रिसीव्हर हलला नाही.

ग्लोप्लग_मास्तर
बॅटरी एकच ठेवलीस म्हणजे हडसनवाले रागावणार, आणि माझा स्विच ठेवलास म्हणजे फेटवाले. ठीक आहे. ०.०८ हा आकडा आतल्या झाकणावर पेन्सिलने लिही, तारखेसकट. पुढच्या दिवाळीत परत मोजायचा आणि ०.२ च्या वर गेला की मुकाट्याने कापून फेकायचा.

हडसन_काठी
रागावलो नाही. जागा ठेव फक्त, दुसरा पॅक तू वर्षभरात बसवशीलच.