पाव एकराच्या घराला बॅटरीचाच मोवर घ्यावा (अमेरिकेतल्या मराठी मंडळींची चर्चा; प्रत्येक भागाच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

रॅरिटनकाठ

न्यू जर्सीत एडिसनजवळ आमचं घर पाव एकरावर आहे, आपल्या हिशेबात दहा गुंठे. घर, ड्राइव्हवे आणि डेक वजा केला की गवत उरतं साधारण साडेसहा हजार चौरस फूट. नवऱ्याला शनिवारी काम असतं, त्यामुळे गवत मीच कापते. सात वर्षं गॅसचा, म्हणजे पेट्रोलवर चालणारा मोवर वापरला. दर एप्रिलला इंजिन सुरू करायची दोरी ओढून ओढून खांदा भरून यायचा आणि शेवटी कार्ब्युरेटर साफ करायला माणूस शोधावा लागायचा. दोन वर्षांपूर्वी बॅटरीचा घेतला.

आता ओळखीतली तीन घरं मोवर घेणार आहेत, आणि तिघांनाही कुणी ना कुणी सांगितलंय, "बॅटरीचा म्हणजे खेळणं, गॅसचाच घ्या." एवढ्याशा लॉनसाठी हा सल्ला चुकीचा आहे, असं माझं ठाम मत आहे.

घेताना लोक खोक्यावरचे व्होल्ट बघतात. पण बॅटरीत ऊर्जा किती, हे व्होल्ट आणि अँपिअर-अवर यांच्या गुणाकारावरून कळतं. ८० व्होल्ट, २ अँपिअर-अवर म्हणजे १६० वॉट-अवर. ४० व्होल्ट, ६ अँपिअर-अवर म्हणजे २४०. मोठा आकडा ८०चा, पण जास्त गवत कापणार ४०वाली. त्यातही खोक्यावरचे व्होल्ट पूर्ण चार्जचे असतात. ४०ची बॅटरी प्रत्यक्षात ३६ची आणि ५६ची सुमारे ५०ची धरून चाला.

आमची ५६ व्होल्ट, ५ अँपिअर-अवरची आहे. ऑगस्टमध्ये गवत कोरडं आणि विरळ असतं, तेव्हा चाळीस मिनिटं चालते. मे महिन्यात पावसानंतर तीच पंचवीस मिनिटांत संपते. म्हणून बॅटरी निवडायची ती मे महिन्याकडे बघून. २१ इंची मोवरने आमचं अंगण वळणं धरून पंचवीस मिनिटांत होतं, म्हणजे अगदी काठावर. नवीन घेणाऱ्याने ७.५ अँपिअर-अवरची घ्यावी.

जुनं इंजिन

ताई, तुमचं गणित बरोबर आहे, पण ते तुमच्या सपाट दहा गुंठ्यांचं आहे. मी पेनसिल्व्हेनियात पाऊण एकरावर राहतो आणि मागचा निम्मा भाग उताराचा आहे. माझा गॅसचा मोवर सोळा वर्षांचा आहे. दर वर्षी तेल बदलतो, प्लग आणि एअर फिल्टर बघतो, पात्याला धार लावतो. बस, एवढंच. आणि तुमच्या कार्ब्युरेटरच्या दुखण्याला इंजिन जबाबदार नाही. टाकीत हिवाळाभर पडून राहिलेल्या गॅसचा तो दोष आहे. त्यात दहा टक्के इथेनॉल असतं, ते पाणी ओढतं आणि गॅस जुना झाला की आत चिकटा बसतो. शेवटच्या कापणीनंतर टाकी रिकामी करा किंवा स्टॅबिलायझर (गॅस खराब होऊ न देणारं रसायन) घालून पाच मिनिटं इंजिन चालवा. एप्रिलला दुसऱ्या झटक्यात सुरू होईल.

मीही हौसेने बॅटरीचा मोवर घेतला होता. चौथ्या वर्षी बॅटरी दहा मिनिटं टिकेना. मोवरला ५ वर्षं वॉरंटी, पण बॅटरीला ३. नवीन बॅटरीची किंमत मोवरच्या जवळजवळ निम्मी. दुसऱ्या कंपनीची बसत नाही, कारण प्रत्येकाची खाच वेगळी. मोटर ठणठणीत असताना अख्खं यंत्र टाकून द्यावं लागलं, याचं मला अजून वाईट वाटतं.

आणि एक गोष्ट आपल्या लोकांना नक्की लागू आहे. मुलांना सुट्टी लागली की आपण सहा आठवडे भारतात जातो. परत येतो तेव्हा गवत गुडघ्याला लागलेलं असतं आणि दाराला टाउनशिपची, म्हणजे इथल्या पालिकेची, गवत वाढल्याची नोटीस असते. तेव्हा तुमची बॅटरी काय करणार?

बे एरियाची मावशी

कॅलिफोर्नियात हा वाद कायद्यानेच बराचसा मिटवलाय. २०२१ साली कायदा झाला आणि २०२४ पासून बनणारी मोवर आणि ब्लोअर (पालापाचोळा उडवायचं यंत्र) यांची नवीन लहान इंजिनं शून्य उत्सर्जनाचीच हवीत. घरातला जुना मोवर वापरायला मात्र बंदी नाही. इथल्या हवा मंडळाचा अंदाज असा की व्यावसायिक वापराचा गॅसचा मोवर तासभर चालवला तर धुरकं तयार करणारं जेवढं प्रदूषण होतं, तेवढं २०१७ सालची गाडी साधारण ३०० मैल चालवून होतं. गाडीला धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो, मोवरला बहुतेक वेळा नसतो. आणि तो धूर सगळ्यात आधी मोवर ढकलणाऱ्याच्याच नाकात जातो.

बॅटरीच्या मोवरचा आवाज कमी, त्यामुळे माझी नात दुपारी झोपलेली असतानाही मी खिडकीखालचं गवत कापते. एवढं कारण मला पुरेसं आहे.

टाउनहाउसवाला

आमच्यासारख्यांचं काय? समोर आणि मागे मिळून हजार-बाराशे चौरस फूट. मी रील मोवर वापरतो, हाताने ढकलायचा. एडविन बडिंग या इंग्रज माणसाने १८३० साली असंच यंत्र केलं होतं. ना बॅटरी ना गॅस, आणि पातं कात्रीसारखं कापतं, त्यामुळे गवताची टोकं फाटत नाहीत. फक्त गवत चार इंचांच्या वर जाऊ द्यायचं नाही. ते वाढलं की हा मोवर त्याला नुसता आडवा पाडतो.

रॅरिटनकाठ

जुनं इंजिन, भारतवारीचा मुद्दा एकदम खरा आहे. पहिल्या वर्षी मी तशीच घुसले आणि दर तीन फुटांवर मोवर बंद पडत होता. आता पातं सगळ्यात वर, चार इंचांवर ठेवते आणि पिशवी काढून बाजूने गवत बाहेर जाऊ देते. अर्धं अंगण आज, अर्धं उद्या. चार दिवसांनी खाली उतरवून पुन्हा कापते. गवताच्या उंचीचा एक तृतीयांशाहून जास्त भाग एका वेळी कापू नये, हा नियम तुमच्या गॅसलाही लागू आहेच. गुडघाभर गवत एकदम तीन इंचांवर आणलं तर फेस्क्यू जातीचं लॉनचं गवत पिवळं पडतं, इंजिन कितीही दणकट असो.

बॅटरी चौथ्या वर्षी का गेली? हिवाळ्यात ती गराजमध्ये पूर्ण चार्ज करून ठेवली होती का, हे विचारावंसं वाटतं. लिथियमची बॅटरी महिनोन् महिने भरलेली ठेवली की तिची ताकद लवकर उतरते. गोठणबिंदूखाली चार्ज केली तर कायमची इजा होते. मी नोव्हेंबरमध्ये निम्मी उतरवून बेसमेंटमध्ये ठेवते. उन्हात कापून आल्यावर गरम बॅटरी लगेच चार्जरवर चढवत नाही.

वीज किती लागते तेही सांगते. हंगामात अठ्ठावीस वेळा कापलं तर साडेआठ युनिट. वीस सेंट दर धरला तरी दोन डॉलरच्या आत.

तुमच्या पाऊण एकराला आणि उताराला मात्र मीही गॅसच सांगेन. माझं म्हणणं पाव एकराचंच आहे.

परतीचा प्रवासी

आम्ही पुढच्या वर्षी कायमचे पुण्याला जातोय. बॅटरी मोवर सोबत नेता येईल का? सोसायटीच्या लॉनला उपयोगी पडेल.

बे एरियाची मावशी

विमानात नाही. १६० वॉट-अवरच्या वरची लिथियम बॅटरी प्रवाशाला ना हातात नेता येते ना सामानात. शिवाय इथला चार्जर १२० व्होल्टचा असेल तर तिथे २३० वर जळेल. इथेच कुणाला तरी देऊन जा.

जुनं इंजिन

हो ताई, गराजमध्येच होती, आणि पूर्ण भरलेली. हे मला विकणाऱ्याने सांगितलं नाही, पुस्तिकेत बारीक अक्षरात होतं. चूक माझी असेल, पण चारशे-पाचशे डॉलरची वस्तू विकताना एवढं एक वाक्य तोंडाने सांगायला काय जातं?

पाव एकराचं मान्य. तरी सगळ्या कंपन्यांची बॅटरी एकमेकांत बसेपर्यंत मी पुन्हा घेणार नाही. ज्यांच्याकडे एखाद्या कंपनीचा ट्रिमर (कडेचं गवत कापायचं यंत्र) किंवा ब्लोअर आधीपासून आहे, त्यांनी मोवरही तिथलाच घ्यावा, नाहीतर भिंतीवर तीन चार्जर लटकतील. आणि कुठलाही घ्या, पात्याला हात लावण्याआधी बॅटरी काढा. गॅसवाल्यांनी प्लगची वायर काढा आणि मोवर आडवा करताना एअर फिल्टर वरच्या बाजूला ठेवा. उताराला नेहमी आडवं कापा, वर-खाली नाही. माझ्या शेजाऱ्याचा पाय ओल्या उतारावर घसरला होता. बूट कापला गेला, बोटं थोडक्यात वाचली.