तुमच्या गावातले स्टँडवरचे, चौकातले, पारावरचे… लिहा अनुभव

माहेरवाशीण
परवा माहेरी गेले तर एसटी स्टँड नवा झालाय. चकचकीत फरशी आणि बाकांना मध्ये मध्ये लोखंडी दांडे. भाऊ म्हणाला, कुणी आडवं होऊ नये म्हणून. एकदम जुन्या स्टँडवरच राहणारा तो वेडसर माणूस आठवला, सगळे त्याला 'कंट्रोलर' म्हणायचे. खाकी शर्ट, एकाच पायात चप्पल, हातात जुन्या वेळापत्रकाची सुरळी. चौकशीच्या खिडकीतून "येईल, बसा" एवढंच उत्तर यायचं. हा मात्र "डायव्हर जेवतोय, वीस मिनटं धरा" म्हणायचा आणि गाडी खरंच तेव्हा लागायची. बिनसलं की लोकांच्या पिशव्या भिरकवायचा, तेही खरं. तुमच्याकडे कोण होतं? गंमत, भीती, वैताग, सगळं येऊ द्या.

टपोरी_मोगरा
आमच्याकडे 'साहेब'. चौकात शिट्टी मारून ट्रॅफिक सोडायचे. नवीन आलेला हवालदार त्यांना सलाम ठोकून गेला होता, अख्खा चौक हसत होता.

जिन्याखालची खोली
लांबून गंमत वाटते हो. आमच्या जिन्याखाली एक बाई राहायची. गाठोडी, चिंध्या, सगळे विधी तिथेच. सासूबाई रोज सकाळी फिनाईल ओतत तिला शिव्या द्यायच्या आणि थंडी पडली की स्वतःची गोधडी नेऊन टाकायच्या. रात्री ओरडायला लागली की माझं तान्हं बाळ दचकून उठायचं, तेव्हा मलाही ती नकोशी व्हायची. पण शाळा सुटल्यावर पोरं तिला दगड मारायची, तो खरा उपद्रव. त्यांच्या आईबापांकडे तक्रार घेऊन कुणी गेलं नाही.

निवृत्त_आनंदी
नगरपालिकेत होतो. मोठा कार्यक्रम असला की वरून तोंडी हुकूम, "रस्ता साफ करा." अशा लोकांना रात्री गाडीत घालून हद्दीपलीकडे सोडायचे. शेजारच्या गावचेही तेच करायचे, त्यामुळे आमचा एक गेला की त्यांचे दोन यायचे. 😄 बेघरांच्या निवाऱ्याचं म्हणाल तर निकष लाख लोकवस्तीमागे शंभर जणांची सोय असा. आमचं गाव पस्तीस हजाराचं. कोण कशाला बांधतंय.

वकीलीण
निवृत्त_आनंदी, हद्दीपलीकडे सोडणं बेकायदा आहे काका. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम १०० बघा. असा भटकणारा मनोरुग्ण दिसला तर ठाणेदाराने त्याला ताब्यात घेऊन २४ तासांच्या आत सरकारी दवाखान्यात न्यायचं, लॉकअपमध्ये टाकायचं नाही. घरचे सापडत नसतील तर बेपत्ता म्हणून नोंद करायची. कलम छापून हातात ठेवलं की ठाण्यातला सूर बदलतो, स्वानुभव.

पेटीवाला
आमच्या स्टँडवर एक आंधळे बाबा पेटीवर भजनं म्हणायचे. सुरेल! एक दिवस उचलून नेले. १९५९च्या भीकबंदी कायद्यात गाणं म्हणून पैसे घेणं हीसुद्धा भीकच. पहिल्याच खेपेला एक ते तीन वर्षं भिक्षेकरी गृहात. दिल्लीत उच्च न्यायालयाने २०१८ साली यातली शिक्षेची कलमं उडवली, आपल्याकडे आहेत तशीच. पेटीचं काय झालं कळलं नाही.

टपोरी_मोगरा
अरेरे 😔

भाकरमोडे
कर्जतला डॉ. भरत वाटवानींची श्रद्धा संस्था आहे, २०१८चं मॅगसेसे मिळालेले ते. रस्त्यावरच्या मनोरुग्णांवर उपचार करून घरी पोचवतात, थेट परराज्यातसुद्धा. गोळ्या सुरू झाल्या की पुष्कळांना गावाचं नाव आठवतं म्हणे.

(भाजी करपतेय, नंतर लिहिते)

उगाच_एक
माणसांचं ठीक, आमच्याकडे देवाला सोडलेला वळू आहे त्याचं काय करायचं? बँकेच्या दारातच बसतो. मॅनेजर मागच्या दाराने येतात.

जिन्याखालची खोली
वळू परवडला. आमच्याकडे डीजे. रात्री दहानंतर बंदी आहे ना? तक्रार केली तर फोन उचलणाऱ्यामागेही तोच डीजे वाजत होता.

निवृत्त_आनंदी
वकीलीण, कलम पाठवा, पुतण्या आता त्याच खात्यात आहे. माहेरवाशीण, कंट्रोलरचं पुढे काय झालं ते लिहिलंच नाहीत.

माहेरवाशीण
काका, स्टँड पाडला तेव्हा कुणीतरी गाडीत बसवून दिलं म्हणे. कुठल्या, ते भावालाही माहीत नाही. त्याचं खरं नावच कुणाला ठाऊक नाही, मग विचारायचं तरी काय म्हणून?

उगाच_एक
वळूचं कुणीच सांगितलं नाही अजून.